मूल बोलत नाही? मेंदूलाच विचारा

दोन वर्षांचे मूल बोलत नसले, की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला होता. थोडं थांबा." चाळीसगाव शहर असो वा तालुक्यातील खेडे, हा सल्ला घरोघरी मिळतो. या थांबण्यात मुलाची मोलाची वर्षे निघून जातात.

मूल ऐकून ऐकूनच बोलायला शिकते. म्हणून पहिला प्रश्न असा, की त्याला नीट ऐकू येते का? टाळी वाजविल्यावर वळले म्हणजे ऐकू येते, असे नाही. कमी ऐकणारे मूलही मोठा आवाज ऐकते किंवा हाताची हालचाल पाहून वळते. तान्हे मूल सांगू शकत नाही. तेव्हा त्याच्या मेंदूलाच विचारावे लागते.

मेंदूचे काम चालू असताना अतिसूक्ष्म वीज निर्माण होते. माणसाच्या मेंदूतील ही वीज जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ साली प्रथम नोंदविली. 'बेरा' ही तपासणी याच तत्त्वावर चालते. मूल झोपलेले असताना कपाळावर व कानामागे छोट्या चकत्या चिकटवितात आणि कानात 'टक् टक्' आवाज सोडतात. प्रत्येक आवाजानंतर १० मिलिसेकंदांच्या आत लहरी उमटतात. त्या इतक्या क्षीण असतात, की हजारभर आवाजांची सरासरी काढून संगणक त्या वेगळ्या करतो. यात शॉक नसतो, सुई नसते. यंत्र मेंदूला वीज देत नाही, फक्त टिपते. मूल झोपत नसेल तर डॉक्टर झोपेचे औषध देतात.

याच मार्गाने भाषेचाही अभ्यास होतो. "आईने ताटात चप्पल वाढली" असे ऐकताच आपण चमकतो. असा विसंगत शब्द येताच सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत विशिष्ट लहर उठते, हे कुटास व हिलयार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९८० साली दाखविले.

बेरामुळे ऐकण्याविषयी कळते, बोलण्याविषयी नव्हे. ती चांगली आली तरी मूल बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे. मुंबईला वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अलीयावर जंग संस्था याच कामासाठी आहे. तेवढे लांब जाण्यापूर्वी अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला किंवा जिल्हा रुग्णालयात जरूर दाखवावे.

बहिरेपण जन्मानंतर तीन महिन्यांत ओळखावे व सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात. पालकांनो, शंका आली की थांबू नका.