खिळ्यात न मावलेले अक्षर
जर्मन सुलेखनकार हेर्मान झाफ यांनी १९४४ मध्ये, सैन्यात नकाशे काढत असताना, वहीत एक लफ्फेदार वळण रेखाटले. युद्धानंतर त्यांनी ‘व्हर्चुओसा’ हा टंक केला. पण शिशाच्या खिळ्याच्या चौकटीत लांब फराटे मावेनात, हात आखडावा लागला. मनातले वळण ‘झाफिनो’ या नावाने आले ते संगणकावर, १९९८ साली. हाताने लिहिताना एकच अक्षर दरवेळी थोडे बदलते. म्हणून यात एकेका अक्षराची अनेक रूपे आहेत.

हा टंक मजकुरासाठी नव्हे. मोजके शब्द, मोठा आकार आणि ओळींमध्ये ऐसपैस जागा, एवढे त्याला हवे. नुसती कॅपिटल अक्षरे शेजारी लावली की फराटे एकमेकांत अडकतात. नवरीचे नाव वाचता न येणाऱ्या अशा इंग्रजी पत्रिका माझ्या संग्रही आहेत.