पत्त्यांच्या डावात देव कुणाच्या बाजूला?

पत्ते आपल्याला काही परके नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीतला झब्बू, गणपतीच्या जागरणातली रमी, भावंडं जमली की मेंढीकोट. पण त्याच पत्त्यांत पैसा आला की घरातल्या बाईच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडायलाच हवी. मग पत्त्यांवर पैसे लावून खेळणारा माणूस श्रद्धाळू असू शकतो का? आणि डाव जिंकावा म्हणून त्याने देवाला हाक मारली, तर ते बरोबर का?

अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न नवा नाही. पण २००७ साली तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, जेरी यांग या माणसामुळे. जन्म लाओसचा, हमोंग जमातीतला. युद्धानंतर कुटुंब देश सोडून पळालं, थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत राहिलं आणि मग अमेरिकेला पोचलं. तिथे जेरी शिकला, मानसशास्त्राच्या क्षेत्रात कामाला लागला. वय ३९, सहा मुलांचा बाप, श्रद्धावान ख्रिस्ती. पोकर खेळायला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली.

पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा लांबचा भाऊ. सगळ्यात जास्त खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि मध्ये पाच पानं सर्वांसाठी उघडी मांडतात. नशीब लागतंच, पण कधी ‘पॅक’ करायचं याची अक्कलही लागते. लास व्हेगासला दरवर्षी याची मोठी जागतिक स्पर्धा भरते. मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १० हजार डॉलर! जेरीने ती भरली नाही. घराजवळच्या कॅसिनोत २२५ डॉलरची छोटी स्पर्धा खेळून त्याने मोठ्या स्पर्धेतली जागा मिळवली.

स्पर्धेतली एक गोष्ट बायकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. एकदा फी भरली की तेवढ्याच सोंगट्या मिळतात. त्या संपल्या की उठायचं. जिद्दीला पेटून खिशात हात घालायची सोय नाही. किती घालवायचं हे बसण्याआधीच ठरलेलं असतं. ‘मी जुगार खेळत नाही, स्पर्धा खेळतो’ असं म्हणणारे ख्रिस्ती खेळाडू याच गोष्टीकडे बोट दाखवतात. म्हणणं अगदीच खोटं नाही. पण उद्याच्या स्पर्धेची फी उद्या पुन्हा भरता येतेच की!

तर त्या वर्षी ६,३५८ जण खेळायला बसले. शेवटी उरले दोघं. जेरी, आणि मूळचा व्हिएतनामचा, निर्वासित म्हणून निघून कॅनडात स्थिरावलेला तुआन लाम. शेवटच्या डावात जेरीकडे अठ्ठ्यांची जोडी, लामकडे एक्का आणि राणी. मध्ये राणी, नव्वी, पंजी उघडली. म्हणजे लामची राण्यांची जोडी झाली, तो पुढे. मग सत्ती आली. आणि शेवटचं पान निघालं छक्की! पाच, सहा, सात, आठ, नऊ. जेरीचा सिक्वेन्स लागला आणि ८२ लाख ५० हजार डॉलर त्याचे झाले.

या सगळ्या वेळात जेरी टेबलाशी मोठ्याने प्रार्थना करत होता. कुणाला त्याची श्रद्धा भावली, तर कुणाला ते खटकलं. खटकणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती लोकही होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. समोरचाही निर्वासित, त्यालाही घरदार. मग देवाने छक्की काढून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली का करावं?

इथे डॉयल ब्रन्सनची आठवण होते. १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं हीच स्पर्धा जिंकलेला हा टेक्सासचा खेळाडू २०२३ साली वारला. १९६२ मध्ये त्याचं लुईसशी लग्न झालं आणि त्याच वर्षी त्याला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आशा सोडली होती, तरी तो वाचला. बायकोच्या मैत्रिणींनी केलेल्या प्रार्थनेने आपण वाचलो, असं तो मानायचा. पुढे याच जोडप्याची मुलगी डोयला अवघ्या अठराव्या वर्षी गेली. प्रार्थना म्हणजे हुकमाचा एक्का नव्हे, हे त्या घराला वेगळं सांगायला नको होतं.

या दोन प्रार्थनांत एक फरक आहे. नवरा बरा व्हावा म्हणून हात जोडले, तर कुणाच्या ताटातलं काही जात नाही. पण पत्त्यांत मी जिंकावं म्हणून हात जोडले, तर दुसरा हरावा हे त्यात आपोआप आलं. मेथडिस्ट चर्च आणि साल्व्हेशन आर्मी जुगाराला विरोध करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. शेजाऱ्याच्या नुकसानीतून आपला फायदा नको. बायबलमध्ये ‘पत्ते खेळू नका’ असं वाक्य नाही. पण येशूला क्रुसावर दिलं तेव्हा शिपायांनी त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकल्या, ही गोष्ट आहे.

कॅथलिक चर्चची शिकवण थोडी वेगळी आहे. खेळ किंवा पैज मुळात अन्यायाची नाही, पण स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचं त्यात जायला लागलं की ती चालणार नाही. शिवाय त्या नादाचा माणूस गुलाम होऊ शकतो, हा इशाराही आहे. वाचताना द्रौपदी आठवते ना? फासे कसे पडले हा तिचा प्रश्नच नव्हता. जे पणाला लावलं, ते लावायचा तुम्हाला हक्क होता का, हा तिचा प्रश्न होता.

जेरीची खरी परीक्षा टेबलावरून उठल्यावर होती. ख्रिस्ती लोकांत कमाईचा दहावा भाग देवासाठी बाजूला काढतात, त्याला दशांश म्हणतात. जेरीने जिंकलेल्या रकमेचा दशांश द्यायचं जाहीर केलं. आजारी मुलांच्या इच्छा पुरवणारी संस्था, भुकेल्या मुलांना जेवू घालणारी संस्था आणि तो शिकला ते लोमा लिंडा विद्यापीठ यांना तो वाटा. सव्वाआठ लाख डॉलर म्हणजे काही थोडे नव्हेत. पण २०१३ मध्ये तिथल्या कर खात्याने सुमारे ५ लाख ७० हजार डॉलरच्या थकबाकीपोटी त्याचं विजेत्याचं सोन्याचं कडं जप्त करून लिलावाला काढलं. आलेला पैसा सांभाळणं पत्त्यांपेक्षा अवघड, ते असं!

आपल्याकडे हा डाव टेबलावरून मोबाइलमध्ये आला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. रमी, पोकर त्यातच आले. तोवर कितीतरी घरांत पगार, बचत गटाचं कर्ज, बायकोचं मंगळसूत्रसुद्धा त्या पडद्यात गेलं होतं. कायदा झाला म्हणून नाद एका रात्रीत सुटत नाही, हे ज्या घरात तो आहे तिथल्या बाईला ठाऊक असतं.

म्हणून मैत्रिणींनो, घरातलं कुणी पत्ते घेऊन बसलं आणि आधी देवाला नमस्कार केला, तर नुसत्या नमस्काराने निर्धास्त होऊ नका. तीन गोष्टी विचारा. यातलं हरलं तर घरात काही अडणार आहे का? हरल्यावर उठता येतं का? आणि जिंकलं तर त्यातलं कुणाकुणाचं देणं लागतं? याची उत्तरं सरळ मिळाली तर खेळ खुशाल खेळू द्या. नाही मिळाली, तर डाव तिथेच पॅक!