लिंबूवर्गीय श्वेत चहा : सिद्धता आणि आस्वाद

चीनच्या फुजियान प्रांतातील श्वेत चहाच्या कळ्या व कोवळी पाने केवळ कोमेजू देऊन वाळविली जातात. परिणामी त्याचा स्वाद अतिशय सौम्य राहतो. त्यात संत्र्याची वा लिंबाची वाळलेली साल मिसळली असता जाणवणारा आंबटपणा बव्हंशी भासच असतो. तो सालीतील सुगंधी तेलाचा परिणाम होय. नाक दाबून घोट घेतल्यास तो बराचसा लोपतो.

१५० मि.ली. पाण्यास २ ते ३ ग्रॅम मिश्रण, ८० अंश सेल्सिअस तापमान व ३ मिनिटे पुरेशी होतात. उकळत्या पाण्याने सालीतील कडवटपणा उतरतो. (दूध-साखरेची आपली सवय येथे दूरच ठेवावी.)

सालीचा दरवळ शिळ्या पानांचा दोषही झाकू शकतो. म्हणून परीक्षण करताना साल वेचून काढून केवळ पानांचा चहा स्वतंत्रपणे चाखावा.