काकडीची धावपट्टी आणि तीन एकर ऊस

आमच्या श्रीरामपूरकडे कारखान्यांचा हंगाम लागला की वाऱ्यावर दोन वास येतात. एक उकळत्या रसाचा गोड वास, गुऱ्हाळासारखा. दुसरा डिस्टिलरीकडून येणारा, आंबूस, नाकात घर करून बसणारा. पहिल्या वासाला आम्ही पोरं रस्त्यात थांबायचो, दुसऱ्याला नाक दाबून सायकल दामटायचो. हा दुसरा वास ज्या मळीचा, तिच्यावर विमान उडवता येतं, हे 2023 च्या उन्हाळ्यात वाचलं आणि तेव्हापासून मी या विषयाची कात्रणं जमवतो आहे.

19 मे 2023 ला पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर एशियाच्या प्रवासी विमानात देशी बनावटीचं जैवइंधन नेहमीच्या इंधनात मिसळलेलं होतं. प्रमाण फार तर एक टक्का. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ते तयार केलं होतं आणि इंडियन ऑइल सोबत होती. मळीच्या इथेनॉलपासून असं इंधन करण्याची कृती ऐकायला सोपी वाटते. इथेनॉलच्या रेणूतलं पाणी काढून इथिलिन वायू करायचा, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या, त्यात हायड्रोजन घालायचा. हाती येतं ते जवळपास रॉकेलच्या जातीचं असतं. त्याआधी ऑगस्ट 2018 मध्ये स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला आलं होतं, त्याच्या इंधनात छत्तीसगडच्या जट्रोफाच्या तेलाचं जैवइंधन मिसळलेलं होतं. जट्रोफाचं पुढे फारसं काही झालं नाही. ऊस मात्र आपल्या दारात उभा आहे.

नगर जिल्ह्याने या गोष्टीत स्वतःला शोधणं साहजिक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचं गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झालं. त्याच सुमारास, 1948 मध्ये, पेट्रोलात मद्यार्क मिसळण्यासाठी केंद्राने ‘पॉवर अल्कोहोल’चा कायदा केला होता, म्हणजे मळीवर गाडी चालवण्याचा विचार आपल्याकडे सहकारी साखरेइतकाच जुना. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला सोमय्यांच्या उद्योगात आज इथेनॉलपासून रसायनं तयार होतात. आणि त्याच तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर 1 ऑक्टोबर 2017 ला शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. एका तालुक्यात ऊस, इथेनॉल आणि धावपट्टी. मला वाटलं, आपल्या जिल्ह्याला लॉटरीच लागली.

मग मी वही काढून बसलो. शिर्डी-दिल्ली एका फेरीला मध्यम आकाराच्या जेट विमानाला ढोबळमानाने 5,000 लिटर इंधन लागतं. तेवढं सगळं इथेनॉलपासून करायचं तर साडेआठ हजार लिटरच्या आसपास इथेनॉल हवं. थेट उसाच्या रसापासून इथेनॉल केलं तर टनाला 70 लिटर मिळतं. म्हणजे 120 टन ऊस. आपल्याकडे एकरी 35 ते 40 टन उतारा धरला, तर तीन एकरांवरचं वर्षभराचं पीक. दिल्लीला एकदा जायला, यायला नव्हे. एक टक्का मिश्रण असेल तर सव्वा टन ऊस पुरतो, एक टायरगाडीसुद्धा भरत नाही. पाटपाण्यावरच्या उसाला एकरी 80 लाख लिटर पाणी धरा. तीन एकरांचं झालं दोन कोटी चाळीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक, असे 2,400 टँकर. ज्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागतात, तिथल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

कात्रणं तारखेनुसार लावली तेव्हा 2023 च्या दिवाळीच्या आगेमागे सहा आठवड्यांतले चार कागद एकापुढे एक आले.

पहिला, 26 ऑक्टोबर. शिर्डीत पंतप्रधानांच्या हस्ते निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण. प्रकल्पाला मंजुरी 1970 ची. लाभक्षेत्रातल्या 182 गावांनी पाण्यासाठी अर्धं शतक वाट पाहिली. दुसरा, 30 ऑक्टोबर. समन्यायी वाटपाच्या तत्त्वावर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडी धरणासाठी 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश. इकडे विरोध, तिकडे मराठवाड्यात पाण्यासाठी आंदोलनं, आणि पाणी निघायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. तिसरा, त्याच नोव्हेंबरअखेरचा. विमानांच्या जैवइंधनाचं उद्दिष्ट: आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 ला एक टक्का, 2028 ला दोन टक्के. चौथा, 7 डिसेंबर. पाऊस कमी, साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायलाच मनाई केली. गाळप ऐन भरात असताना. आठवड्याभरात, 15 डिसेंबरला, 17 लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून थोडी सूट मिळाली. बंदी उठली ती 29 ऑगस्ट 2024 ला.

हे चार कागद चार वेगवेगळ्या टेबलांवरून निघाले. पण पाणी एकच आहे, गोदावरी-प्रवरेचं. एका टेबलाने आभाळ स्वच्छ करायला ऊस मागितला आणि दोन आठवड्यांत दुसऱ्या टेबलाने सांगितलं की उसात तेवढी सवडच नाही. पाऊस एका वर्षी रुसला तर ही अवस्था. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली त्यांचा जीव त्या आठवड्यात टांगणीला लागला होता, आणि कारखान्याचा जीव टांगणीला लागला की उसाचं बिल लांबतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. साखर काढून झाल्यावर उरलेल्या शेवटच्या मळीचं इथेनॉल विमानात जरूर जावं. रस जाऊ नये. शेवटच्या मळीतून उसाच्या टनामागे दहा-अकरा लिटरच इथेनॉल मिळतं, हे खरं. पण त्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही, वेगळं पाणी द्यावं लागत नाही.

दुसरा रस्ता तळणीचा. वापरून काळं पडलेलं तेल गोळा करून त्याचं विमानाचं इंधन होतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या तक्त्यात साध्या विमान इंधनाच्या नावापुढे ऊर्जेच्या एककामागे 89 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे आणि वापरलेल्या तेलाच्या इंधनापुढे 13.9. इंडियन ऑइलच्या पानिपतच्या रिफायनरीला अशा इंधनासाठी 2025 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. शिर्डीत रस्त्याच्या दुतर्फा रात्रंदिवस कढया चढलेल्या असतात. साईबाबा संस्थानने प्रसादालयात 2009 मध्ये 73 सौर तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाक सुरू केला. ज्या गावाने ते करून दाखवलं, त्या गावाला हॉटेलांचं जळकं तेल डब्यात जमा करणं जड जाणार नाही. आज तेच तेल पुन्हा पुन्हा तापतं आणि भक्तांच्या पोटात जातं.

प्रवाशाच्या हातात काय आहे? मागे एका विमानात माझ्या शेजारच्या गृहस्थांनी उपम्याचा कप उघडून दोन चमचे खाल्ले आणि बाकीचा तसाच ठेवला. कप, झाकण, चमचा, न फोडलेली साखरेची पुडी, अर्धा भरलेला पाण्याचा पेला, सगळं एकाच काळ्या पिशवीत गेलं. ती साखरेची पुडी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्यामागे कोयता होता, मोळी होती, पहाटेची थंडी होती. भूक नसेल तर जेवण आधीच नाकारावं, पाण्याची बाटली घरून न्यावी, बॅग हलकी ठेवावी. बॅगेच्या वजनाच्या तीन-चार टक्के इंधन तासाला केवळ ती वाहण्यात जळतं.

पण याहून मोठा निर्णय तिकीट काढतानाच होतो. मुंबई ते शिर्डी हवाई अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. इतक्या जवळच्या फेरीत इंधनाचा मोठा वाटा नुसतं वर चढण्यात जातो. सरळ उडायला लागावं तोवर उतरायची वेळ होते. दिल्ली-हैदराबादहून येणाऱ्यांचं मी समजू शकतो, मुंबईकरांचं नाही. 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबईहून साईनगर शिर्डीला वंदे भारत धावते, सव्वापाच तासांच्या आसपास पोचवते.

गेल्या माघात मी तिनेच आलो. शिर्डीहून घरी परतताना रस्त्यावर उसाच्या टायरगाड्यांची रांग होती. एका गाडीवर मोळ्यांच्या वर धडुत्यात गुंडाळलेलं लहान मूल झोपलं होतं, आई बैलांच्या बाजूने चालत होती. गाडीत दोन-अडीच टन ऊस असेल. काकडीहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात दोन टक्के मिसळायला पुरेल एवढा.