दोजो : पडायला शिकवणारी जागा

वैनगंगेकाठी वसलेल्या पवनी या भंडारा जिल्ह्यातील प्राचीन नगरात १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर विटांचा भव्य स्तूप उजेडात आला आणि त्याच्या शिल्पावशेषांत मुचलिंद नागाचे, ब्राह्मीत नाव कोरलेले शिल्प सापडले. बोधिप्राप्तीनंतरच्या दिवसांत वादळी पावसात बुद्धावर फणा धरणारा हा नाग ज्या परिसराची आठवण देतो, त्यातील प्रत्यक्ष बोधीच्या जागेला संस्कृतात ‘बोधिमंड’ म्हणतात. चिनी भाषांतरकारांनी या शब्दासाठी ‘मार्गाची जागा’ अशा अर्थाचा शब्द योजला आणि त्याच अक्षरांचा जपानी उच्चार ‘दोजो’ असा होतो. आधी बौद्ध साधनेच्या जागेला आणि पुढे युद्धकलांच्या सरावगृहाला लागलेले हे नाव ज्या परंपरेतून निघाले, तिच्या खुणा पवनीच्या मातीत आहेत, आणि म्हणूनच ज्युदोच्या दोजोतील शिस्त समजून घेताना हा शब्द केवळ परका मानून चालत नाही.

ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात १२ तातामींच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या जाड चटयांच्या, जागेत नऊ शिष्यांसह आपली संस्था सुरू केली. तीच पुढे कोदोकान म्हणून जगप्रसिद्ध झाली. ‘जुजुत्सू’ या जुन्या युद्धकलेतील घातक डाव बाजूला ठेवून त्यांनी ‘जुत्सू’ म्हणजे कौशल्य या पदाच्या जागी ‘दो’ म्हणजे मार्ग हे पद आणले. ‘जु’ म्हणजे लवचीकपणा, समोरून येणाऱ्या जोराला अडवण्याऐवजी त्याच जोराला वळण देणे.

दोजोतील पहिला धडा मात्र पाडण्याचा नसून पडण्याचा असतो. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके जमिनीवर आपटत नाही. पाठ वाटोळी ठेवायची आणि तळवा व कोपरापर्यंतचा हात शरीरापासून थोडा तिरका ठेवून चटईवर जोरात मारायचा, म्हणजे आघात एका हाडावर न साचता मोठ्या भागावर पसरतो. घाबरलेले शरीर नेमके उलटे करते: हात ताठ करून जमिनीला टेकवते, आणि मनगट, कोपर किंवा गळ्याचे हाड दुखावते. ही उपजत सवय समजावून मोडत नाही. ती मोडण्यासाठी आधी बसून, मग ओणवे होऊन, मग उभ्याने, मागे, बाजूला व पुढे शेकडो वेळा पडावे लागते. नव्या मुलांना हे कंटाळवाणे वाटते, तरीही पारंपरिक गुरू ते टाळू देत नाहीत, आणि त्यांचा हा हट्ट सर्वस्वी योग्य आहे.

बाकीची शिस्तही अशीच कारणासहित आहे. नखे कापलेली, पोशाख धुतलेला, पादत्राणे चटईच्या कडेला, सरावाआधी व नंतर जोडीदाराला वाकून नमस्कार: यांतील स्वच्छतेचे नियम ओरखडे आणि त्वचारोग टाळतात, तर नमस्कार या गोष्टीची आठवण देतो की समोरचा माणूस आपले शरीर विश्वासाने आपल्या हाती सोपवत आहे. गळा आवळला गेला किंवा सांधा ताणला गेला की जोडीदार हाताने दोनदा थोपटतो आणि त्याच क्षणी पकड सोडावीच लागते.

पाडण्याची क्रिया तीन टप्प्यांत शिकवतात: ‘कुझुशी’ म्हणजे समोरच्याचा तोल ढळवणे, ‘त्सुकुरी’ म्हणजे स्वतःचे शरीर नेमक्या जागी नेणे आणि ‘काके’ म्हणजे प्रत्यक्ष फेक. प्रत्येक फेकीची पूर्वतयारी न फेकता पुन्हा पुन्हा घोटण्याला ‘उचिकोमी’, मोकळ्या लढतीच्या सरावाला ‘रान्दोरी’ आणि ठरलेल्या क्रमाने केलेल्या प्रात्यक्षिकाला ‘काता’ म्हणतात.

महाराष्ट्रातील वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. हात धरून, पाठ वळवून प्रतिस्पर्ध्याला खांद्यावरून आणणारा धोबीपछाड आणि ज्युदोतील ‘इप्पोन सेओई नागे’ ही जवळची भावंडेच आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीच्या ज्या वजनगटात कांस्यपदक मिळवले, त्याच गटात सुवर्णपदक जिंकणारे जपानचे शोहाची इशिई मूळचे ज्युदोपटू होते. महायुद्धानंतर जपानी शाळांतून ज्युदोवर बंदी आल्याने ते कुस्तीकडे वळले होते. एका अर्थाने हौद्यातील माती आणि तातामी तेथे एकाच गादीवर समोरासमोर आली होती.

आखाड्यातून ज्युदोकडे येणाऱ्या मुलाजवळ कंबरेची ताकद, पायांची पकड आणि वस्तादाचा शब्द मानण्याची सवय आधीच असते. त्याला नव्याने शिकावी लागते ती पोशाखाच्या कॉलरची व बाहीची पकड, कारण उघड्या अंगाच्या कुस्तीत तिला जागाच नाही. आणि चीत होऊ नये म्हणून पोटावर वळण्यासाठी तयार झालेले शरीर सरावात जोडीदाराच्या फेकीबरोबर निःशंक पाठीवर सोडून देणे, जे त्याला सर्वांत जड जाते.