वारसा परिसर म्हणजे खिळाही ठोकायला बंदी?

मुंबईत वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली. तिच्या यादीत एकेकट्या इमारतींबरोबर ‘वारसा परिसर’ही (समान रूप जपणारा संपूर्ण वस्तीचा भाग) आहेत. गिरगावातली खोताची वाडी त्यांपैकी एक. तिथलं प्रत्येक घर स्थापत्याचा अद्वितीय नमुना आहे, असा या नोंदीचा अर्थ नाही. भजनी मंडळात प्रत्येकाचा गळा काही नामवंत गायकाचा नसतो, पण एकाने पट्टी सोडली की सगळं भजन बिघडतं. अरुंद बोळ, बैठी-दुमजली कौलारू घरं, पुढचे व्हरांडे आणि बाहेरून चढणारे लाकडी जिने यांचा मेळ हाच इथला ठेवा. मधोमध टॉवर उभा राहिला, तर शेजारची घरं शाबूत राहूनही हा मेळ मोडतो.

अशा परिसरात काहीच बदलता येत नाही, हा समज मात्र खरा नाही. नियमांचा भर उंची, दर्शनी भाग आणि रस्त्यावरून दिसणारं रूप यांवर असतो. स्वयंपाकघर वा न्हाणीघर नवं करायला सहसा आडकाठी नसते. अंतर्भागावर कडक बंधनं येतात ती मुख्यतः पहिल्या श्रेणीच्या (यादीतल्या सर्वांत महत्त्वाच्या) वास्तूंच्या. जपणुकीचा खर्च मालकानेच का सोसायचा, हा आक्षेप मात्र रास्त आहे. हस्तांतरणीय विकास हक्कांची (न वापरलेलं बांधकामक्षेत्र अन्यत्र विकण्याची मुभा) तरतूद त्यासाठीच आहे. पण हे हक्क विकले जाण्याची वाट न पाहता गळकं छप्पर पावसाळ्याआधी दुरुस्त व्हावं लागतं; त्यासाठी थेट अनुदानच हवं.