संकेतस्थळ आपले, पण चावी कोणाच्या खिशात?

आज तालुक्याच्या गावातील वाचनालयापासून कर्मचारी संघटनेपर्यंत प्रत्येकाला स्वतःचे संकेतस्थळ हवे असते. वर्गणी जमा होते, कुणीतरी ओळखीचा तरुण संकेतस्थळ तयार करून देतो, कार्यक्रम होतो, पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबले जाते, वृत्तपत्रांत छायाचित्र येते. आणि दोन वर्षांनी तोच पत्ता उघडला तर काय दिसते? कधी कोरे पान, कधी जुगाराची जाहिरात! पदाधिकारी एकमेकांकडे पाहतात, तो तरुण पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला असतो, त्याचा फोन लागत नाही. संस्थेचा वीस वर्षांचा इतिहास, छायाचित्रे, अहवाल, ठराव सारे काही हवेत विरून जाते. हा दोष तंत्रज्ञानाचा आहे काय? मुळीच नाही. हा दोष आपल्या बेफिकिरीचा आहे.

वकिली करताना अशा तक्रारी घेऊन येणारी माणसे भेटतात. त्यांना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो असा की, संकेतस्थळाच्या पत्त्याची नोंदणी कोणाच्या नावावर आहे? उत्तर येत नाही. कारण हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो! सभागृह बांधताना आपण सातबारा पाहतो, नकाशा पाहतो, पावती फाईलला लावतो. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र सारे विश्वासावर सोडून देतो.

संकेतस्थळाला चार चाव्या असतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पहिली चावी म्हणजे पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात. तो विकत मिळत नाही, ठराविक मुदतीसाठी नोंदवला जातो. मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर सवलतीचे काही दिवस संपल्यावर तो जगातील कोणीही घेऊ शकतो. जुगाराच्या जाहिराती येतात त्या अशाच. दुसरी चावी म्हणजे होस्टिंग, म्हणजे ज्या संगणकावर आपली पाने ठेवलेली असतात ती भाड्याची जागा. तिसरी चावी म्हणजे संकेतस्थळाचा कोड आणि चौथी म्हणजे त्यातील मजकूर व छायाचित्रे. या चारही चाव्या संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ई-मेलवर आणि संस्थेच्या दप्तरात असल्या पाहिजेत. एखाद्या कार्यकर्त्याच्या खाजगी ई-मेलवर नव्हे!

‘आम्ही पैसे मोजले, म्हणजे संकेतस्थळ आमचेच’ असे अनेकांना वाटते. कायदा असे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणाली ही साहित्यकृती मानली आहे. कलम १७ प्रमाणे कृतीचा कर्ता हाच तिचा पहिला मालक. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, विरुद्ध करार नसेल तर, मालकाचे ठरते. पण बाहेरचा माणूस कंत्राटावर काम करतो तेव्हा तो नोकर नसतो. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र, चित्र किंवा चित्रपट यांबाबत, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याला कायद्याने पहिला मालक मानले आहे. संगणक प्रणालीचे नाव त्या यादीत नाही. म्हणजेच लेखी करार नसेल तर कोडचा मालक तो तयार करणारा राहतो; आपल्याकडे फार तर वापराची परवानगी असते.

यावर उपाय साधा आहे. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यातही एक खाच आहे. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे समजली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत समजला जातो. म्हणून करारात स्पष्ट लिहावे, ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि संपूर्ण जगासाठी’. त्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात. एक, काम पूर्ण झाल्यावर सर्व पासवर्ड, कोड आणि माहितीसाठ्याची प्रत संस्थेला द्यावी. दोन, शेवटचा हप्ता त्यानंतरच मिळेल. एवढ्या तीन ओळींनी पुढची कितीतरी भांडणे वाचतात. पत्त्याच्या नावावरून वाद झालाच, तर संकेतस्थळाच्या नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे खटल्यात २००४ मध्येच मान्य केले आहे आणि ‘डॉट इन’ पत्त्यांसाठी लवादाची स्वतंत्र सोय आहे. परंतु लवादापर्यंत जाण्याची पाळी येऊ न देणे हेच शहाणपण!

आता तंत्राकडे वळू. काहीजण म्हणतील, हे इंजिनियर लोकांचे काम, आपल्याला काय कळणार? हा न्यूनगंड टाकून दिला पाहिजे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने वेबचे तंत्र साऱ्या जगाला विनामूल्य खुले केले. त्यावर कुणाची मक्तेदारी नाही. कोणतेही संकेतस्थळ उघडा, त्याचा पानामागचा कोड ब्राउझर आपल्याला दाखवतो. संगणकावर ‘एफ १२’ हे बटण दाबून पाहा. दुसऱ्याचे काम उघडून वाचायची अशी मुभा फार थोड्या विद्यांत असते!

शिकण्याचा क्रम मात्र चुकवू नये. आधी एचटीएमएल. त्यात मथळा कोणता, परिच्छेद कोणता, दुवा कोणता, यादी कोणती हे सांगायचे असते. मग सीएसएस, ज्यात रंग, आकार आणि मांडणी ठरते. त्यानंतर जावास्क्रिप्ट, ज्यामुळे पानावर काही घडते. पहिल्या दोन गोष्टींवर पकड येण्याआधी तिसऱ्याच्या मागे धावणारे पुढे अडखळतात. साधनांसाठी खर्च करण्याची गरज नाही. लिहिण्यासाठी नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड, छायाचित्रांसाठी गिंप, चिन्हे व फलक काढण्यासाठी इंकस्केप, ही सर्व मोफत मिळतात. लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले गिट हे साधन तर पहिल्या दिवसापासून वापरावे. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंदवही ते ठेवते आणि काही बिघडले तर मागच्या अवस्थेत परत नेते. सभेच्या इतिवृत्ताचे महत्त्व ज्याला कळते, त्याला गिटचे महत्त्व सांगावे लागत नाही.

आपल्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न आहे तो मराठी अक्षरांचा. आपल्या कितीतरी अंकांचे, पुस्तिकांचे, स्मरणिकांचे टंकलेखन जुन्या फॉन्टमध्ये झालेले आहे. तो मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात. फॉन्टने त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसेल तर मजकूर निरर्थक होतो. शोधयंत्राला तो सापडत नाही. आणि आपला शब्द शोधून सापडत नसेल, तर तो लिहून न लिहिल्यासारखाच आहे! युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा राखलेला आहे, तेथे ‘क’ हा जगभर ‘क’च असतो. म्हणून जुना मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा, पण डोळे झाकून नव्हे. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी येथे परिवर्तक हटकून चुकतात. मुद्रितशोधन केलेच पाहिजे. पानाचे चित्र किंवा स्कॅन टाकून समाधान मानू नये. चित्रातील मजकूर शोधात यावा आणि अंधांना ऐकता यावा, म्हणून तो सोबत टाईप करून द्यावा.

पानाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या १०२४ बाइटच्या आत, अक्षरसंच युटीएफ-८ असल्याचे लिहावे. पानाची भाषा मराठी असल्याचेही ‘लँग’ या गुणधर्मात नोंदवावे. त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये सोय असते तेथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नव्हे आणि वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला कोणता उच्चार करायचा हे कळते. मायएसक्यूएलसारखा माहितीसाठा वापरत असाल तर त्यातही ‘युटीएफ-८ एमबी-४’ हाच पर्याय निवडावा. कधी मराठीच्या जागी युरोपीय अक्षरांची विचित्र रांग दिसते, कधी नुसती प्रश्नचिन्हे. यातला फरक ओळखावा. विचित्र रांग असेल तर बहुधा मजकूर शाबूत असतो, वाचण्याची पद्धत तेवढी चुकलेली असते. परंतु साठ्यातच प्रश्नचिन्हे पडली असतील तर मूळ अक्षरे गेली. तेथे जुनी प्रतच वाचवू शकते.

देवनागरीसाठी सीएसएस लिहितानाही थोडे भान ठेवावे. अक्षरांतील अंतर वाढवण्याची युक्ती इंग्रजीत शोभते, मराठीत शिरोरेषा तोडते. ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवावे, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांवर आदळतात. शब्द कुठेही तोडण्याची आज्ञा देऊ नये. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टाईप होतो, ‘ॲ’चेही तसेच आहे, दिसायला सारखे, पण शोधताना वेगळे. संस्थेने एकच रीत ठरवून पाळावी.

संकेतस्थळ कोणत्या पद्धतीने बांधायचे? महिन्यातून एकदा बदल होणार असेल तर साधी स्थिर पाने उत्तम. ह्यूगो किंवा जेकिल यांसारखी मोफत साधने मजकुरातून पाने तयार करून देतात आणि गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ती विनामूल्य ठेवता येतात. माहितीसाठा नसल्यामुळे हल्लेखोराला शिरायला वाट कमी. रोज अनेकजण लिहिणार असतील तर २००३ पासून चालत आलेले वर्डप्रेस घ्यावे. तेही मोफत आणि मुक्त आहे. पण त्याला राखण लागते. त्याची आणि त्याच्या जोड-प्रणालींची सुधारित आवृत्ती वेळोवेळी बसवली पाहिजे, नको त्या जोड-प्रणाली काढल्या पाहिजेत, चोरीच्या प्रती तर चुकूनही वापरू नयेत. त्यांतून चोरदरवाजा आत येतो. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचे सुरक्षा प्रमाणपत्र मोफत मिळते, तेव्हा ‘एचटीटीपीएस’ नसण्याला आता सबब उरलेली नाही. आणि संपूर्ण संकेतस्थळाची प्रत दरमहा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. ती उघडते की नाही हे वर्षातून एकदा तरी तपासावे, कारण न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे!

आपला वाचक मोठ्या पडद्यावर नाही, स्वस्तातल्या मोबाईलवर आणि तुटपुंज्या नेटवर्कवर वाचतो. फोनने काढलेले चार-पाच एमबीचे छायाचित्र जसेच्या तसे टाकणे म्हणजे त्याच्या खिशातला डेटा उधळणे. आकार लहान करून वेबपी किंवा जेपीजीमध्ये साठवले तर तेच चित्र शंभर-दीडशे केबीत बसते. फिरत्या पट्ट्या आणि चकचकीत सरकती चित्रे यांपेक्षा पान चटकन उघडणे महत्त्वाचे.

दृष्टिहीन बांधवांचा विचार हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आहे. त्यासाठी करायचे ते फार अवघड नाही. प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन द्यावे, अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव जोडावे, अक्षर आणि पार्श्वभूमी यांत ठळक फरक ठेवावा. माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब बटणाने सारे पान फिरता येते का ते पाहावे. एनव्हीडीए हे वाचून दाखवणारे साधन मोफत आहे. डोळे मिटून आपले संकेतस्थळ एकदा ऐका, उणिवा आपोआप कळतील.

शेवटचा आणि तितकाच गंभीर मुद्दा माहितीचा. सभासद नोंदणीच्या अर्जात नाव, पत्ता, जात, आधार क्रमांक, उत्पन्न असे सारे काही विचारण्याची आपल्याला सवय आहे. ही यादी चुकीच्या हाती पडली तर कोणाचे नुकसान होईल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको! २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीची योग्य सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. म्हणून जी माहिती लागत नाही ती मागूच नये. जी घेतली ती कशासाठी हे तेथेच लिहावे, काम संपल्यावर पुसून टाकावी. आणि कोड लिहिणाऱ्याने अर्जात भरलेला मजकूर माहितीसाठ्याच्या आज्ञेत थेट चिकटवू नये. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ वापरावे. नाहीतर रकान्यात चार खुणा टाईप करून कोणीही सारी यादी बाहेर काढू शकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले, पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. आपले म्हणणे दुसऱ्याच्या यंत्राच्या मर्जीवर राहू नये, हा त्यातला व्यवहार आजही तितकाच खरा आहे. समाजमाध्यमांवरचे खाते हे दुसऱ्याच्या ओसरीवर बसणे आहे. मालक केव्हाही उठवू शकतो. १९९० च्या दशकात लाखो लोकांनी जिओसिटीजवर आपली पाने थाटली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती एका निर्णयासरशी बंद झाली.

तेव्हा संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्याच बैठकीत हा विषय घ्यावा. पत्ता कोणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे ‘हूइज’ नोंदीत आणि नोंदणी खात्यात तपासावे. चार चाव्यांची यादी इतिवृत्तात लिहावी, पासवर्डची नोंद अध्यक्ष व सचिव या दोघांकडे मोहोरबंद ठेवावी. संस्थेतील एक मुलगी आणि एक मुलगा निवडून त्यांना एचटीएमएल, सीएसएस आणि गिट शिकण्यासाठी सहा महिने द्यावेत. एक जुना संगणक आणि इंटरनेटची जोडणी एवढा खर्च पुरेसा आहे. उद्या त्यांतला एक नोकरीला गेला तर दुसरा उरेल आणि त्याने जाण्यापूर्वी तिसऱ्याला शिकवलेले असेल. चाव्या आपल्या हाती असतील तरच घर आपले!